दाढीवरून साल काढता येतं का? (बायझंटाईन शिशाचे शिक्के)

शिसपेन्सिल

गेल्या महिन्यात बहीण आणि मेहुणे पुण्याहून आले होते. वॉशिंग्टनला पाहुणे आले की स्मिथसोनियनची वारी ठरलेली, पण मेहुण्यांचे गुडघे बोलायला लागले म्हणून त्यांना जॉर्जटाऊनमधल्या डंबार्टन ओक्सला नेलं. बाग छान आहे, बाकं भरपूर आहेत. ते दोघं बागेत टेकले आणि मी आत संग्रहालयात शिरलो. तिथे काचेमागे रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या मळकट करड्या चकत्या होत्या. लांबून वाटलं, कोणाच्या तरी कोटाची बटणं.

ते होते बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्याचे शिशाचे शिक्के. या संस्थेकडे असे सुमारे १७,००० शिक्के आहेत, जगातला सगळ्यात मोठा संग्रह. त्यातले हजारो आता फोटोंसकट ऑनलाईन बघता येतात. तेव्हापासून रात्रीची झोप गेलीय आणि घरात बोलणी खातोय, म्हणून म्हटलं इथे धागा काढावा.

आधी वस्तू काय ते सांगतो. पत्राची घडी घालायची, तिच्यातून दोरी ओवायची, दोरीची टोकं शिशाच्या चकतीतल्या आरपार भोकातून घ्यायची. मग ती चकती एका लोखंडी हत्यारात धरायची. त्याचं नाव बुलोतेरियन. आपल्या अडकित्त्याचा थोरला, राकट भाऊ समजा, फक्त पात्यांऐवजी दोन्ही जबड्यांत उलटं कोरलेले ठसे. वरून हातोड्याचा घाव घातला की दोन्ही बाजूंना छाप उठते आणि भोक दाबलं जाऊन दोरी आत अडकते. पत्र उघडायचं तर दोरी कापण्यावाचून गत्यंतर नाही. बहुतेक पत्रं सडली, जळली, शिसं तेवढं उरलं.

सम्राट सोन्याचा शिक्का वापरू शकत असे, तो मान दुसऱ्याला नाही. पण रोजच्या कामाला सम्राटापासून जिल्ह्याच्या कारकुनापर्यंत सगळ्यांना शिसंच.

आता मुद्द्याचं. यातल्या बहुतेक शिक्क्यांवर साल नाही. "अमक्याचा शिक्का, तमका अधिकारी" एवढंच. मग अभ्यासक छातीठोकपणे "सातव्या शतकाचा शेवट" कसं म्हणतात? मला वाटलं, सम्राटाचं चित्र असेल तर काम सोपं, चेहरा ओळखा आणि राजवट सांगा. महिनाभर वाचून मत पार उलटं झालंय. चेहरा हा त्यातला सगळ्यात फसवा साक्षीदार आहे. कसं ते सांगतोच, पण आधी बघू कोणाला यात रस आहे का, नाहीतर एकट्यानेच भजन.

हिंगजिरा

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

कोकणकडा

अडकित्ता आवडला. पण कारकुनाच्या शिक्क्यावर सम्राटाचं तोंड कशाला? आपल्याकडे तलाठ्याच्या रबरी शिक्क्यावर मुख्यमंत्र्यांचा फोटो असतो का? (असता तर दर निवडणुकीला नवे शिक्के, कंत्राटदारांची चांदी.)

शिसपेन्सिल

@कोकणकडा, तुम्ही गंमतीत विचारलंत, पण नेमकं वर्मावर बोट ठेवलंत. अधिकाऱ्याच्या शिक्क्यावर सम्राट नसतोच. तिथे क्रूस, मरियम, एखादा संत, गरुड, नावाची अक्षरं एकात एक गुंफलेली मोनोग्रॅम, असलं काही असतं. सम्राट फक्त सम्राटाच्या शिक्क्यावर.

याला अपवाद एकच मोठा गट, आणि सगळी मजा तिथेच आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आठव्या शतकात 'कोमेर्किआरियोस' नावाचे अधिकारी होते. त्यांच्याकडे प्रांतोप्रांतीची सरकारी कोठारं असत. त्यांच्या शिक्क्यांवर स्वतःचं नाव, हुद्दा, प्रांत, वर सम्राटाचं चित्र, आणि शिवाय वर्षाचा आकडा! ७३०-३१ च्या सुमारास अधिकाऱ्यांची नावंच गेली आणि नुसतं 'अमक्या प्रांताची सम्राटाची कोमेर्किया' लिहायला लागले. तुमच्या भाषेत सांगायचं तर तलाठ्याचं नाव पुसलं, मुख्यमंत्र्यांचा फोटो राहिला.

हा काळ लक्षात घ्या. अरबांनी सीरिया, इजिप्त घेतलेलं, शहरं आक्रसलेली, लिखित साधनं जवळजवळ नाहीत. आणि नेमके याच काळातले शिक्के वर्षासकट हाती येतात. इतिहासकारांना दुष्काळात विहीर लागल्यासारखं झालं.

रिकामा_तास

मी शाळेत इतिहास शिकवते म्हणून शंका. वर्षाचा आकडा असेल तर वादच मिटला. चेहऱ्याची गरजच काय मग?

शिसपेन्सिल

बाई, आकडा १ ते १५ मधला असतो. त्याला 'इंडिक्शन' म्हणतात. मूळ करआकारणीचं चक्र, पंधरा वर्षांचं, वर्ष १ सप्टेंबरला सुरू. चक्र संपलं की पुन्हा १. आणि कितवं चक्र ते कोणी लिहीत नाही! शिक्क्यावर ग्रीक 'ईटा' अक्षर म्हणजे ८. आठवं वर्ष, पण कुठल्या पंधरातलं?

पंचांगवाले_आजोबा

यात नवल ते काय? आपला संवत्सरांचा फेरा तोच. साठ नावं, प्रभव ते क्षय. शिवरायांचा राज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर. एखाद्या कागदावर शक फाटला आणि नुसतं 'आनंदनाम संवत्सरे' उरलं तर तो कागद १६७४ चा की १७३४ चा? तिथी, वार, कोणाच्या नावाने पत्र आहे, हे बघूनच ठरवावं लागतं. आमच्याकडे साठ वर्षांची ऐसपैस जागा, यांच्याकडे पंधराचीच. त्यात मराठी दप्तरात शुहूर सन मृगाला पालटतो आणि शक पाडव्याला. त्यामुळे वर्ष सप्टेंबरात सुरू होणं हेही काही विशेष नव्हे.

शिसपेन्सिल

आजोबा, दंडवत. महिनाभर मला हे कोणाला समजावता येत नव्हतं, तुम्ही चार ओळींत सांगितलंत.

हिशोबाची रीतही सोपी आहे. इसवी सनात ३ मिळवा, १५ ने भागा, बाकी उरेल ते इंडिक्शन. बाकी शून्य आली तर पंधरावं. हे जानेवारी ते ऑगस्टसाठी, सप्टेंबरपासून एक पुढे. ६९५ + ३ = ६९८, बाकी ८. म्हणून सप्टेंबर ६९४ ते ऑगस्ट ६९५ हे आठवं इंडिक्शन.

आता खरी केस देतो. 'आपो इपातोन' म्हणजे माजी कॉन्सल ही मानाची पदवी असलेला गेओर्गिओस नावाचा एक अधिकारी. त्याच्या काही शिक्क्यांवर लिहिलंय 'स्लाव आंद्रापोदांचा'. स्लाव म्हणजे बाल्कनकडच्या टोळ्या. आंद्रापोदा म्हणजे ढोबळमानाने गुलाम, धरून आणलेली माणसं. सोबत प्रांताचं नाव, उदाहरणार्थ बिथिनिया. इंडिक्शन आठ. सम्राटाचं चित्र आहे.

बिथिनियाचा शिक्का पँचेंको या रशियन अभ्यासकाने १९०२ मध्ये प्रसिद्ध केला आणि ६५० सालचा ठरवला. म्हणजे दुसरा कॉन्स्तान्स सम्राट असतानाचा. लगेच त्यावर इमारत उभी राहिली, की सातव्या शतकाच्या मध्यालाच आशिया मायनरमध्ये (आजचं तुर्कस्तान) स्लावांची लष्करी वसाहत होती. पुढे तोच शिक्का ६९४-९५ चा ठरला. एकदम ४५ वर्षं पुढे, बरोब्बर तीन फेरे.

आठव्या इंडिक्शनचे उमेदवार मांडा:

६४९-५०, दुसरा कॉन्स्तान्स.
६६४-६५, पुन्हा तोच.
६७९-८०, चौथा कॉन्स्तन्तीन.
६९४-९५, दुसरा जस्टिनियन.
७०९-१०, पुन्हा दुसरा जस्टिनियन, कारण हा पदच्युत होऊन परत आलेला गडी.

आता चेहरा बघून निवडा!

कोकणकडा

शीर्षकातली दाढी कधी येणार? पॉपकॉर्न संपत आले.

शिसपेन्सिल

आली. दुसरा कॉन्स्तान्स ६४१ मध्ये गादीवर आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. नाण्यांवर आधी गुळगुळीत पोरगा, मग आखूड दाढी, आणि ६५१ नंतर छातीपर्यंत रुळणारं झाडू. त्यावरून त्याला 'पोगोनातोस', दाढीवाला, म्हणत. (अवांतर: हे टोपणनाव कितीतरी काळ त्याच्या मुलाला, चौथ्या कॉन्स्तन्तीनला, चिकटवलेलं होतं. बापाची दाढी मुलाच्या नावावर.)

म्हणजे ६६४-६५ चा शिक्का असता तर लांब दाढी हवी. शिवाय तोवर त्याने तीन मुलांना सहसम्राट केलं होतं, मोठ्याला ६५४ मध्ये आणि धाकट्या दोघांना ६५९ मध्ये, आणि ती चित्रात गर्दी करायची. तो उमेदवार बाद. पण ६४९-५० ला? आखूड दाढी. आणि ६९४-९५ चा जस्टिनियन? पंचविशीतला, आखूड दाढीवाला. दाढीवर विसंबलात तर दोघांत फरक करणं अवघड, त्यात शिसं घासलेलं.

नाणेघाट

नाणी जमवणारा म्हणून सांगतो, इथे दाढी नाही, साज बघायचा. अंगावर काय आहे? चिलखत, खांद्यावर अडकवलेला झगा म्हणजे क्लामिस, की अंगाभोवती गुंडाळलेला रत्नजडित पट्टा, लोरोस? हातात काय? क्रूस लावलेला गोल की भाला? बसलाय, उभा आहे, की नुसता छातीपर्यंत? एकटा आहे की सोबत कोणी? सहसम्राट कधी नेमला याच्या तारखा इतिवृत्तांत सापडतात. तिसऱ्या लिओने मुलाला, पाचव्या कॉन्स्तन्तीनला, ३१ मार्च ७२० ला मुकुट घातला. तेव्हा लिओसोबत छोटा राजपुत्र दिसला की ७२० च्या आधीचं नाही. हे दाढीपेक्षा शंभरपट पक्कं.

चौथ्या कॉन्स्तन्तीनच्या नाण्यांवर सुरुवातीला दोन भाऊ मागच्या बाजूला उभे असतात. ६८१ मध्ये त्याने भावांची नाकं कापून त्यांना बाजूला सारलं. नाण्यांवरूनही भाऊ गायब. म्हणजे ६८१ ची रेघ मारता येते.

हिंगजिरा

नाकं?!

शिसपेन्सिल

@हिंगजिरा, त्या काळी तिकडे नाक कापण्याची चाल होती. शरीराने अधू माणूस सम्राट होऊ शकत नाही अशी समजूत, म्हणून मारण्याऐवजी नाक कापायचं. जस्टिनियनचंही ६९५ मध्ये कापलं आणि क्रिमियात हाकललं. तो दहा वर्षांनी नकट्यानेच परत आला आणि पुन्हा गादीवर बसला. समजूत तिथेच मोडली.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. परत आल्यावरच्या, म्हणजे ७०५ नंतरच्या नाण्यांवर त्याचं नाक शाबूत आहे! कोरणाऱ्याने सम्राटाला समोर बसवून चित्र काढलेलं नसतं. ते सत्तेचं चित्र आहे, माणसाचं नव्हे. म्हणून म्हणतो, चेहरा फसवा.

@नाणेघाट यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्यांच्याच नियमाने तिसरा उमेदवार बाद होतो (६७९-८० ला दोघे भाऊ अजून सोबत होते), आणि पाचवाही. दुसऱ्या कारकिर्दीत जस्टिनियनने लहानग्या तिबेरियसला सहसम्राट केलं, चित्रात बाप-लेक दोघं यायला लागले. आपल्या शिक्क्यावर एकटाच उभा आहे. मग ६४९-५० आणि ६९४-९५ उरले. तो गुंता अधिकाऱ्याच्या नावाने सुटतो. हाच गेओर्गिओस इतर शिक्क्यांवर भेटतो, आशिया मायनरच्या अनेक प्रांतांत, आणि ती सगळी साखळी ६९० च्या दशकात बसते. आजोबा म्हणाले तेच, कोणाच्या नावाने पत्र आहे ते बघा.

रिकामा_तास

बरं, ६९४-९५ मान्य. पण त्याने फरक काय पडला? ४५ वर्षं इकडे की तिकडे.

शिसपेन्सिल

सगळाच फरक पडला, बाई. ६९२-९३ च्या सुमारास सेबास्तोपोलिसला अरबांशी लढाई झाली. थिओफानिस हा नवव्या शतकाच्या सुरुवातीचा इतिवृत्तकार सांगतो की जस्टिनियनने स्लावांमधून ३०,००० चं सैन्य उभं केलं होतं, त्यातले २०,००० ऐन लढाईत शत्रूला मिळाले. चिडून सम्राटाने उरलेल्यांची बायकापोरांसकट कत्तल केली.

आणि लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत, सरकारी कोठाराच्या अधिकाऱ्याच्या शिक्क्यावर 'स्लाव आंद्रापोदा'. म्हणजे मारले नाहीत, विकले? निदान सगळे मारले नाहीत. इतिवृत्तात कत्तल आहे, शिशात बाजार दिसतो. ६५० म्हटलं तर हे शिक्के शांत वसाहतीची गोष्ट सांगतात, ६९४-९५ म्हटलं की अंगावर काटा येतो. वस्तू तीच.

रिकामा_तास

जरा थांबा. आंद्रापोदा म्हणजे विक्रीचेच गुलाम, हे ठरलंय का? पगारी सैनिक, वसवलेले लोक असे अर्थही लावले गेलेत ना? आणि हे कोमेर्किआरियोस नेमके काय करायचे यावरच एकमत नाही. अभ्यासकांपैकी ओइकोनोमिदीस म्हणतात रेशमाचा व्यवहार, हेंडी म्हणतात सैनिकांना शस्त्रं-सामान पुरवणं. दुसरं खरं असेल तर ही माणसं सैन्याकडे पाठवली, असंही वाचता येईल. तुम्ही एका शब्दावर बाजार भरवलात.

शिसपेन्सिल

कान पकडलात. 'विकले' हा माझा कल आहे, पुरावा नाही. मला तो पटतो, कारण 'आंद्रापोदा' हा शब्द सैनिकासाठी फारच हीन आहे. गुरांना 'चार पायांचं' म्हणत, त्याच चालीवर 'माणसाच्या पायांचं' असा शब्द आहे तो. पण तारीख पक्की असली तरी अर्थ पक्का होत नाही, हे मान्य.

तुळशीकट्टा

मला लढाया-नाकांपेक्षा देवाचं विचारायचंय. तिकडे मूर्तिभंजनाचा काळ होता ना? तेव्हा शिक्क्यांवरची चित्रं पुसली का?

शिसपेन्सिल

@तुळशीकट्टा, देव गेला, सम्राट राहिला! जुन्या रोमन परंपरेत सम्राटाच्या शिक्क्याच्या मागे पंखवाली विजयदेवता असे. सहाव्या शतकाच्या शेवटी, सम्राट मॉरिसच्या काळात, तिच्या जागी बाळ येशूसह मरियम आली. तिसऱ्या लिओच्या काळात, ७३० च्या आगेमागे, मूर्तिभंजनाचं धोरण आलं. मग मरियमच्या जागी पायऱ्यांवर उभा क्रूस आणि भोवती 'पित्याच्या, पुत्राच्या...' अशी अक्षरं. पण सम्राटाची छबी नाण्यांवर बिनधोक चालू. चित्र वाईट म्हणे, आमचं सोडून.

८४३ मध्ये मूर्तिपूजा कायमची परत आली आणि तिसऱ्या मिखाइलच्या नाण्यावर ख्रिस्त परतला. त्यासाठी नमुना कुठला घेतला? आपल्या नकट्या जस्टिनियनच्या पहिल्या कारकिर्दीतला, दीडशे वर्षं जुना. म्हणजे नुसतं 'ख्रिस्ताची ही शैली' म्हणून तारीख काढायला गेलात तर दीडशे वर्षांनी तोंडावर आपटाल.

नाणेघाट

यात माझी भर. त्या इसॉरियन, म्हणजे तिसऱ्या लिओच्या, घराण्याच्या नाण्यांवर मेलेले सम्राटही असतात. पाचव्या कॉन्स्तन्तीनने बाप वारल्यावरही बापाची छबी चालू ठेवली, आणि चौथ्या लिओच्या नाण्यांवर बाप-आजोबा दोघंही हजर. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंसारखे. त्यांना जिवंत धरून साल काढलं की गेलाच.

आता माझं काम. माझ्याकडे एक शिक्का आहे. पंधरा वर्षांपूर्वी एका परदेशी लिलावातून मित्रामार्फत घेतला. एका बाजूला छातीपर्यंत संत, मोठं कपाळ, गोलसर दाढी, हातात पुस्तक. कडेने ठिपक्यांची माळ. दुसऱ्या बाजूला ग्रीकच्या पाच ओळी, पहिल्या ओळीत फक्त दोन-तीन अक्षरं दिसतात. मधे 'प्रोतोस्पाथारिओस' ही दरबारी पदवी लागते. शेवटची ओळ अर्धी गेलीय. सम्राट नाही. साल सांगता का?

शिसपेन्सिल

मी कोणी तज्ज्ञ नाही, पण इतके दिवस डोळे फोडल्यावर अंदाज करतो.

मोठं कपाळ, गोल दाढी, पुस्तक म्हणजे बहुधा संत निकोलस. संताची अर्धाकृती आणि मागे ओळीने मजकूर ही बांधणी दहाव्या-अकराव्या शतकात फार चालली. पहिली ओळ 'प्रभो, तुझ्या दासाला साहाय्य कर' या ठरीव प्रार्थनेची सुरुवात असावी. आठव्या-नवव्या शतकात हीच प्रार्थना क्रूसाच्या आकाराच्या मोनोग्रॅममध्ये कोंबत.

पदवीही बोलते. प्रोतोस्पाथारिओस नवव्या शतकात भारदस्त मान होता. अकराव्या शतकात पदव्या इतक्या वाटल्या की त्यांचं मोल घसरलं, आणि वर नव्या पदव्या रचाव्या लागल्या. पहिला अलेक्सिओस कोम्निनोस १०८१ मध्ये सम्राट होण्याआधी 'सेबास्तोस' होता, त्या वेळचे त्याचे शिक्के सापडलेत. 'सेबास्तोस' दिसलं की अकराव्या शतकाच्या शेवटाकडे वळायचं. तुमचा माणूस त्या गर्दीच्या आधीचा वाटतो.

एक करा. शेवटच्या अर्ध्या ओळीत आडनाव आहे का ते तिरप्या उजेडात बघा. अकराव्या शतकात शिक्क्यांवर आडनावं सर्रास यायला लागली. असेल तर मी अकराव्याचा पूर्वार्ध ते मध्य म्हणेन.

नाणेघाट

टॉर्च आडवा धरून पाहिलं. पदवीच्या ओळीनंतर एक हुद्दा असावा, वाचता येत नाही. शेवटी '...नोस' असं काहीतरी आहे. आणि एका कडेला पांढरी भुकटी धरलीय, ती नखाने काढली तर अक्षर लागेल का?

अम्लराज

नख लावू नका!! इतका वेळ गप्प वाचत होतो, आता बोलणं भाग आहे. ती भुकटी म्हणजे शिशाचं कार्बोनेट. ती काढाल तर अक्षरही जाईल, कारण ते अक्षरच आता भुकटी झालंय. आणि हात धुतलेत का? शिसं विषारी आहे, नखात अडकलेली भुकटी जेवणात जाते.

शिक्का ठेवलाय कशात?

नाणेघाट

आजोबांच्या लाकडी पेटीत. आत मखमल आहे.

अम्लराज

तिथेच घात झाला. लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सतत सुटत असते, ओक तर त्यात कुप्रसिद्ध. बंद पेटीत ती कोंडते आणि शिसं खाते. जुन्या संग्रहालयांनी देखण्या लाकडी कपाटांत शिशाच्या वस्तू ठेवून असंच नुकसान करून घेतलंय. पॉलिप्रोपिलीनच्या साध्या डबीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. हातमोजे घालूनच उचला.

कोकणकडा

डंबार्टन ओक्स मध्ये शिशाचे शिक्के. मी काही बोलत नाही.

नाणेघाट

डबीत हलवला. हिने विचारलं, पेटी रिकामी झाली तर त्यात लवंग-वेलदोडे ठेवू का. नको म्हटलं, त्यात शिसं होतं. तर म्हणे, मग पंधरा वर्षं माझ्या कपाटात का होतं?

@शिसपेन्सिल, उद्या दिवसाउजेडी फोटो काढून टाकतो. '...नोस' च्या आधी एक गोल अक्षर आहे, ओ किंवा थीटा.

शिसपेन्सिल

टाका. चारी बाजूंनी तिरपा उजेड पाडून चार फोटो. गोलाच्या पोटात आडवी रेघ दिसली तर थीटा.